‘परत करा’ म्हणणाऱ्या नसीमा मॅडम

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यातून नसीमा मॅडम चालत येताना दिसल्या की नव्या माणसाला वाटायचं, बाईंचे गुडघे गेलेत. तसं काही नव्हतं. साठी उलटली होती तरी तीन जिने त्या न थांबता चढायच्या. फक्त सावकाश. हात अंगाशी, मान सरळ, पाऊल मोजकं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका इंजेक्शनच्या कंपनीत त्यांची उमेदीची वर्षं निर्जंतुक कक्षात गेली होती. तिथं भरभर चाललं की अंगावरचे, कपड्यावरचे कण हवेत उडतात, म्हणून सगळे सावकाश चालतात. मॅडमनी ती चाल बाहेरही सोडली नाही. क्रांती चौकात त्या रस्ता ओलांडायला लागल्या की रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. मी हाताला धरून ओढायला लागले की म्हणायच्या, “वैशाली, घाई करून कुणाचं भलं झालंय? धूळ तेवढी उडती.”

त्यांच्या हातात कधी बांगडी दिसली नाही. अंगठी नाही, नखांना रंग नाही, डोळ्यांत सुरमासुद्धा नाही. सुती साडी, कोपराखाली येणारं ब्लाऊज आणि पायात पांढरे बूट. लग्नकार्यातही असंच. त्यांची नणंद एकदा माझ्यासमोर म्हणाली, “भाभी, ईद के दिन तो कुछ पहनो!” त्यावर मॅडमचं उत्तर: “पहना ना! नया जूता पहना.”

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मॅडमची नि माझी ओळख झाली ती एका पाहुण्या व्याख्यानामुळं. आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, बाई स्लाइड दाखवतील, तासभर बोलतील, चहा घेऊन जातील. त्यांनी पर्समधून एक छोटी बरणी काढली. हळद घातलेलं तेल. एम.एस्सी.च्या पोरांना पुढं बोलावलं, प्रत्येकाच्या हाताला ते चोळलं, डोळ्यांना रुमाल बांधले आणि म्हणाल्या, “जा, हात धुऊन या. स्वच्छ झाले असं वाटलं की मग डोळे उघडा.”

पोरं साबण लावून, हसतखिदळत हात धुऊन आली. रुमाल सोडले तर प्रत्येकाचं कुठं ना कुठं पिवळं. नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या मागं.

“परत करा,” मॅडम म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता, चेहऱ्यावर नाराजीही नव्हती. पोरं परत गेली. आली. काहींना तिसऱ्यांदा जावं लागलं. शेवटी सगळ्यांचे हात स्वच्छ झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे जंतू असते तर पिवळे दिसले नसते. आता बसा, बोलू.” त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

मॅडमनी कंपनी सोडली होती ती आईसाठी. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली. मॅडमचे मियाँ तोवर वारले होते, मुलगी शिकत होती. आईची सेवा त्यांनी मनापासून केली. त्याबद्दल कधी कुरकूर ऐकली नाही. आई गेल्यावर मात्र त्या पुन्हा कामाला निघाल्या आणि तेव्हा त्यांना कळलं की दार लागलंय. ज्या क्षेत्रात त्यांनी कितीतरी जणांना हात धरून शिकवलं, तिथंच मुलाखतीला बसलेली तरुण मंडळी विचारायची, “मॅडम, मध्ये एवढा गॅप कशाचा?” नवीन यंत्रं आलीत, नियम बदललेत, तुमच्याकडं अलीकडचं काही प्रमाणपत्र आहे का?

एकदा हे सांगताना त्या हसल्या होत्या. “मी म्हटलं, आईला उचलून कुशीवर वळवायचं प्रमाणपत्र आहे. चालतंय का?”

या अनुभवातूनच त्यांच्या डोक्यात ते छोटे कोर्स आले. आमच्या भागात बी.एस्सी. झालेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या, लग्न होऊन घरी बसलेल्या मुलींची काही कमी नाही. जवळच औषधांच्या, लशींच्या, जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत. त्यांना माणसं हवीत. या मुलींना काम हवंय. मध्ये अडतं ते एवढ्याशा गोष्टींवर: निर्जंतुक कपडे बाहेरच्या बाजूला हात न लावता कसे चढवायचे, द्रव मोजून घ्यायची पिपेट कशी धरायची, काम केल्या केल्या नोंद कशी करायची. डिग्रीत हे वरवर येतं, आणि पुन्हा डिग्रीला बसायला या बायकांना सवड कुठली? मॅडमचं म्हणणं होतं, एकेका कौशल्याचा एकेक कोर्स करायचा. मोबाइलवर बघता येईल असा, मराठीत. जो जेवढं शिकेल त्याला तेवढ्याचं प्रमाणपत्र.

प्राचार्यांना हे पटेना. “मॅडम, आपण विद्यापीठाशी संलग्न संस्था आहोत. असं तुकड्या-तुकड्यानं शिक्षण देणं बरं दिसतं का?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही जेवताना अख्खी भाकरी तोंडात घालता का?”

प्राचार्य हसले. हसल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली आम्हाला मिळाली. ती दोघींनी मिळून धुतली, म्हणजे मी धुतली आणि मॅडमनी ‘परत करा’ म्हटलं. मोबाइल मी धरायचे, मॅडम करून दाखवायच्या. पण नुसतं बघून कुणाला प्रमाणपत्र नाही, हा त्यांचा हट्ट होता. शिकणाऱ्यानं घरी करायचं, आपला व्हिडिओ काढायचा, पाठवायचा. तो मॅडम स्वतः बघायच्या. सकाळी चहा घेता घेता, दुपारी रिक्षात, मोबाइल नाकाजवळ धरून. आणि उत्तर बहुतेक वेळा तेच. परत करा. कोपर कपाटाला लागला. परत करा. मास्क नीट केलास, त्याच हातानं बाटली धरलीस. परत करा. पोरी वैतागायच्या. एक तर मला फोनवर रडतच म्हणाली, “मॅडम, त्यांचं डोकं कसलं आहे हो? स्वप्नात येतात नि परत करा म्हणतात!” मी हे मॅडमना सांगितलं तर त्या लई खूश झाल्या.

पहिल्या तुकडीत पिशोरची संगीता होती. कन्नड तालुक्यातलं ते मोठं गाव. संगीता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, मग बाळ झालं, परीक्षा तेवढी दिली आणि शिक्षण तिथंच थांबलं. नवरा टेम्पोनं भाजीपाला शहरात आणायचा. तिचे व्हिडिओ स्वयंपाकघरातले असायचे. ओटा पुसलेला, केस बांधलेले, रेनकोट उलटा घालून त्याचाच गाऊन केलेला. हात असा स्थिर की मॅडम तिचा व्हिडिओ संपल्यावर पुन्हा लावून बघायच्या.

मग व्हिडिओ यायचे बंद झाले. मॅडमनी फोन केला तर नवऱ्यानं उचलला. “आता ती नाय करणार मॅडम. घरी लई कटकट व्हायली.”

मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “उद्या तुला सुट्टी आहे ना?”

आम्ही एसटीनं पिशोरला गेलो. संगीताच्या सासूबाई ओसरीवर आलं निवडत बसल्या होत्या. गिरजाक्का त्यांचं नाव. आम्हाला बसायला टाकलं, पाणी दिलं आणि लगेच मूळ मुद्द्याला हात घातला.

“बाई, तुमी मोठ्या शिकलेल्या. पण मला सांगा, माझी सून तोंडाला फडकं बांधून, रेनकोट घालून चुलीपुढं हुबी ऱ्हाती. बोलत नाय, हलत नाय. समोर मोबाइल. शेजारणी खिडकीतून बघत्यात. कुणी म्हणतं बाहेरची बाधा झाली. आन् माझ्या कुकरात बाटल्या शिजवती!”

संगीता दारात मान खाली घालून उभी होती. तिच्या पायाशी पोर घुटमळत होतं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मॅडम मात्र गंभीरपणे ऐकत होत्या.

“अक्का, बाटल्या कुकरात उकळल्या की त्यातले जंतू मरतात. ते काम आहे तिचं. बाधा-बिधा काय नाय.”

“ते मलाबी कळतंय,” गिरजाक्का एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या. “मी काय येडी नाय. पण हे शिकून ती जाईल शहरात. पोरगं माझं तिच्यामागं जाईल. मग या घरात मी आन् हे आलं. खरं का खोटं?”

आता मॅडम काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटलं. जाईल पण येत राहील, तुम्हालाही घेऊन जाईल, असलं काही. त्या म्हणाल्या, “खरं. जाईल ती. मी खोटं कशाला बोलू?”

गिरजाक्कांचा हात थांबला.

“मी आईपायी नोकरी सोडली, अक्का. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच सोडली. त्याचा पस्तावा नाय. पण आई गेल्यावर मी परत निघाले तर कुणी दार उघडंना. त्या वेळी मला वाटलं, आईला हे दिसलं असतं तर तीच म्हणाली असती, पोरी, तू का थांबलीस? तुमच्या सुनंच्या हातात काय आहे ते मी बघितलंय. असा हात मी लई वर्षांत बघितला नाय. ती थांबली तर तुम्हाला घरात माणूस ऱ्हाईल. तिच्याकडं मात्र काय ऱ्हाईल, ते तुम्ही बघा.”

गिरजाक्कांनी आल्याचा एक मोठा गड्डा उचलला, माती झटकली, टोपलीत टाकला. मग सुनेकडं न बघता म्हणाल्या, “पोराला मी सांभाळीन. पण माझ्या कुकरात बाटल्या नाय शिजवायच्या. सांगून ठिवते.”

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी आपल्या घरचा कुकर संगीताच्या नवऱ्याच्या टेम्पोत ठेवून पिशोरला धाडला. पुढं महिनाभर मॅडमच्या घरी डाळ पातेल्यात शिजत होती.

मॅडमनाही कुणीतरी ‘परत करा’ म्हणणारं भेटलं. तो सोहेल. शहरातल्याच एका शिंप्याचा मुलगा, बी.एस्सी. झालेला. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ओठ बघून तो समोरच्याचं बोलणं ओळखायचा. त्यानं कोर्सला नाव घातलं आणि पहिला व्हिडिओ बघून मॅडमना मेसेज केला: “तुम्ही मास्क लावून बोलता. मला तुमचे ओठ दिसत नाहीत. मी काय शिकू?”

मॅडमनी मेसेज मला दाखवला. सगळे व्हिडिओ तयार होते, कितीतरी जणांनी बघितले होते. मी म्हटलं, त्याला आपण लिहून पाठवू.

“नक्को,” मॅडम म्हणाल्या. “त्यानं बरोबर सांगितलंय. परत करू.”

आणि आम्ही ते सगळे व्हिडिओ पुन्हा केले. पडद्यावर ठळक मराठी अक्षरं घातली. शिवाय सोहेलला बोलावून त्याच्याकडून मॅडम खुणा शिकल्या. थांब, बदल, हात लागला, संपलं अशा कामापुरत्या. त्या वयात बोटं वळत नव्हती. सोहेल त्यांच्याकडं बघून मान हलवायचा नि हवेत बोट गोल फिरवायचा. म्हणजे पुन्हा. मॅडम निमूट पुन्हा करायच्या.

ते करताना मॅडमना जुनी आठवण झाली. निर्जंतुक कक्षात तर सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, वर यंत्रांचा नि हवेच्या पंख्यांचा आवाज. तिथं एकमेकांचं बोलणं कुणालाच धड ऐकू येत नाही. “इतकी वर्षं आम्ही तिथं एकमेकांवर ओरडत होतो,” त्या म्हणाल्या, “आणि उपाय या पोराकडं होता.” त्या दिवसापासून खुणा सगळ्यांच्याच कोर्सात आल्या. फुलंब्रीहून कॉलेजला येणाऱ्या आमच्या कोर्सच्या मुली बसमध्येसुद्धा खुणांनी बोलायला लागल्या. कंडक्टर त्यांना बहिऱ्या समजून पुढची सीट द्यायचा, असं त्या सांगायच्या.

एवढं होऊनही खरी कसोटी पुढंच होती. कंपन्या या प्रमाणपत्रांना विचारीनात. मॅडम एकेका कंपनीत जायच्या. गेटवर बसायच्या. शेवटी एका कंपनीतले प्रशिक्षण अधिकारी, पाटील नावाचे तरुण गृहस्थ, म्हणाले, “मोबाइलवर शिकलेल्यांना मी आत कसं सोडू मॅडम? उद्या औषध रुग्णाच्या शिरेत जाणार आहे.”

“सोडूच नका,” मॅडम म्हणाल्या. “आधी परीक्षा घ्या. तुमची जी कडक असेल ती.”

परीक्षा अशी होती. औषधाच्या जागी जंतूंना आवडेल असं पोषक द्रावण बाटल्यांत भरायचं. भरताना जरा कुठं चुकीचा स्पर्श झाला, तर थोड्या दिवसांत ती बाटली गढूळ होते. सगळ्या बाटल्या स्वच्छ राहिल्या तर पास. आमच्या काही जणांना पाटलांनी बोलावलं. त्यांत संगीता आणि सोहेल होते. मॅडमना आत परवानगी नव्हती. त्या बाहेर बाकावर बसल्या, हात मांडीवर, अगदी स्थिर. मी काचेतून बघत होते.

संगीताचं काम अर्ध्यावर आलं होतं. हात छान चालला होता. अचानक ती थांबली, मागं सरकली आणि तिनं हात वर केला.

आत लक्ष ठेवून उभे असलेले पाटील तिच्याजवळ गेले. नंतर त्यांनीच आम्हाला सगळं सांगितलं. ती म्हणाली होती, “साहेब, बाटलीच्या तोंडाला माझी बाही लागली. या बाटल्या मोजू नका.”

“मी इथंच उभा होतो. मला तर तसं काही दिसलं नाही,” पाटील म्हणाले.

“मला कळलं, साहेब.”

“तुम्ही हे सांगितलंत की नियमानं परीक्षा रद्द होते. माहिती आहे ना?”

“व्हय.”

ती बाहेर आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. गेटच्या बाहेर आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. सासूला काय सांगू, नवऱ्याला काय सांगू, एवढं सगळं केलं आणि हातानंच घालवलं. मॅडमनी रिक्षा गुलमंडीच्या बाजारात घ्यायला लावली, उतरल्या आणि जिलबीसारख्या गरम इमरतीचा पुडा घेऊन आल्या. पहिली संगीताच्या तोंडात घातली.

“मॅडम, मी नापास झाले.”

“झालीस. कायद्यानं झालीस. पुढच्या वेळी परत करशील.” मग मॅडमनी पुडाच तिच्या हातात ठेवला. “पोरी, बाही मी पण कधीतरी लागलेली बघितलीय. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांची. गपचूप पुढं जाताना बघितलंय. कुणाला दिसलं नसताना स्वतःहून हात वर करायला मी कुणाला शिकवू शकत नाय. ते तू घरून घेऊन आलीस. खा.”

संगीता रडत रडत इमरती खात होती. सोहेलला काय झालं ते अर्धंच कळलं होतं. मी त्याला लिहून दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि संगीतापुढं जाऊन दोन्ही हात वर करून पंजे हलवले. त्याच्या लोकांत टाळ्या अशा वाजवतात.

पुढच्या महिन्यात पाटलांनी तिला स्वतःहून परत बोलावलं. बाटल्या स्वच्छ राहिल्या. ती कामाला लागली. सोहेल पहिल्याच वेळी पास झाला होता, पण धोक्याचा भोंगा याला ऐकू कसा येणार, यावर त्याचं अडलं होतं. मॅडमनी विचारलं, “भोंग्याबरोबर लाल दिवा लावला तर दिवा फक्त त्यालाच दिसेल का?” दिवे लागले. सोहेल आत गेला. हळूहळू त्या कंपनीच्या जाहिरातीतच आमच्या कोर्सांची नावं यायला लागली, मग दुसऱ्या कंपनीच्या. संगीता आता नवरा नि पोरासह पुंडलिकनगरात माझ्या घरामागच्या गल्लीत राहते. पोराला शाळेत सोडून कंपनीची बस पकडते. गिरजाक्का सणावाराला येतात आणि दोन दिवसांत शहराला कंटाळून परत जातात.

मॅडम गेल्या वर्षी मुलीकडं हैदराबादला राहायला गेल्या. जायच्या आधी पाटलांनी त्यांना कंपनी बघायला बोलावलं. मीही बरोबर होते. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी.

निर्जंतुक कक्षाला बाहेरून एक लांब काचेची गॅलरी होती. आत काम चाललं होतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले लोक, फक्त डोळ्यांपुरती फट, त्यावरही चष्मा. कोण बाई, कोण पुरुष, कोण पिशोरचं, कोण शहरातलं, काही कळत नव्हतं. मॅडम काचेला नाक लावून एकेकाकडं बघत होत्या.

“यातली आपली कोणती?” त्यांनी मला विचारलं.

मलाही ओळखता येईना. पाटील म्हणाले, “मॅडम, तुमचे आत पुष्कळ आहेत. थांबा, मी आत फोन लावतो. इकडं बघायला सांगतो.”

“नको नको,” मॅडमनी झटकन त्यांचा हात धरला. “त्यांचं हातातलं काम मोडू नका.”

त्या तशाच उभ्या राहिल्या. आत एकजण वाकून बाटल्यांचा ट्रे सरकवत होतं, दुसरं कुणीतरी तो झेलत होतं. काचेवर मॅडमच्या श्वासाची वाफ धरली. त्यांनी पदरानं ती पुसली, एक पाऊल मागं सरल्या आणि पुन्हा बघत राहिल्या. पाटलांनी चहासाठी दोनदा आठवण केली. मॅडमनी मान हलवली, पण जागच्या हलल्या नाहीत. आतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, बाहेर कोण उभं आहे.